बोटीचं बूच काढलं, आता गाडीची भोकंही बघा



१ जून जवळ आला. मालीम असो, खारीवाडा असो की कुटबण, सगळीकडे एकच घाई चालू आहे. जाळी उतरवा, इंजिन बांधून ठेवा, होड्या वर ओढा. ३१ जुलैपर्यंतचे ६१ दिवस बोट जमिनीवर राहणार. फायबरची होडी वर घेतली की आपण पहिलं काम काय करतो? मागचं बूच काढून ठेवतो. नाहीतर चार पावसांत होडीची टाकी होते हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. लाकडी होडीवर झावळ्या शाकारतो, ताडपत्री बांधतो. गोडं पाणी लाकडात साचून राहिलं तर खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त खातं, हे आपल्या बापजाद्यांपासून चालत आलेलं ज्ञान.

आणि त्याच होडीच्या बाजूला, आंब्याखाली किंवा सुरूच्या झाडांत, आपली गाडी उभी असते. पिकअप, व्हॅन, नाहीतर घरची कार. तिच्याकडे मात्र कोण बघत नाही. वर पत्रा आहे, काचा बंद आहेत, मग पाणी जाणार कुठून, असं आपण धरून चालतो.

पाणी जातं. गाडी काही पाणबुडी नाही. गाडी बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं, म्हणून त्यांनी पाणी आत येऊ दिलंय आणि बाहेर जायला वाटा ठेवल्यात. अगदी आपल्या ट्रॉलरच्या डेकसारखं. लाट डेकवर येणारच, ती कडेच्या भोकांतून परत गेली पाहिजे. ती भोकं जाळ्याच्या तुकड्यांनी बुजली तर डेकवर गुडघाभर पाणी होतं. गाडीत तेच होतं, फरक एवढाच की ते डोळ्यांना दिसत नाही. दिसतं तेव्हा पत्रा खाऊन झालेला असतो.

आपल्या सभासदांपैकी एका कुटुंबाची व्हॅन गेल्या वर्षी अशीच गेली. घरधनी बोटीवर, वहिनी पहाटे माल घेऊन बाजाराला. ऑगस्टमध्ये सीझन सुरू झाला, चौथ्या-पाचव्या दिवशी चाक पंक्चर झालं. जॅक लावला तर गाडी उचलली जाईना, जॅकच पत्र्यात घुसला. दाराखालचा लांब पट्टा असतो ना, चढताना पाय घासतो तो, गॅरेजवाले त्याला रनिंग बोर्ड म्हणतात, तो आतून पूर्ण कुजला होता. बाहेरून रंग तसाच, कुठे कुठे फक्त फोड आलेले. दोन्ही बाजू कापून नवीन पत्रा वेल्ड करावा लागला. ऐन सीझनमध्ये वहिनींना रोज भाड्याचा टेम्पो करावा लागला. मासळी थांबत नाही, गिऱ्हाईकही थांबत नाही. मेस्त्रीने खालून दाखवलं तेव्हा कळलं, त्या पट्ट्याच्या तळाला पाणी जायला भोकं होती, आणि सगळी मातीने, खवल्यांनी बुजलेली.

म्हणून यंदा बंदी सुरू व्हायच्या आधी हे लिहितोय. अर्ध्या तासाचं काम आहे. मेस्त्री लागत नाही.

सुरुवात पुढच्या काचेपासून करा. काचेच्या खाली, वायपर जिथून निघतात, तिथे काळी प्लास्टिकची जाळी असते. गॅरेजात तिला काउल म्हणतात. काचेवर पडलेला सगळा पाऊस ओघळून या जाळीतून खालच्या पन्हाळीत पडतो, आणि पन्हाळीच्या दोन टोकांना असलेल्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर जातो. आता पणजीत वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्यातला काचेवरचा सगळा हिस्सा या दोन भोकांतून जायचा असतो. भोकं बोटाएवढी. काही गाड्यांत तर त्यांच्या तोंडाशी रबराची चपटी चोच असते, तिच्यात चिखल अडकला की ती चिकटून बसते.

झाडाखाली गाडी लावली की या जाळीत काय काय पडतं ते बघा. आंब्याचं, फणसाचं मोठं पान वरच अडकतं, ते दिसतं आणि आपण काढतो. खरा त्रास बारीक पानांचा. चिंचेची, गुलमोहराची पानं, आणि किनाऱ्यावर आपल्याकडे सर्वात जास्त म्हणजे सुरूच्या सुया. त्या जाळीच्या फटीतून सरळ खाली उतरतात, एकमेकींत गुंततात आणि ओल्या झाल्या की काथ्यासारखा बोळा होतो. त्यावर धूळ बसली, पाऊस पडला, की झालं बूच तयार. होडीचं बूच आपण काढतो, इथे झाड बसवून जातं.

मग पन्हाळीत पाणी चढतं. त्याच पन्हाळीत वायपरची मोटर आणि दांडे असतात, आणि तिथूनच गाडीच्या ब्लोअरला बाहेरची हवा मिळते. पाणी त्या हवेच्या तोंडापर्यंत चढलं की सरळ आत, बहुतेक गाड्यांत डाव्या सीटच्या पायाशी. ब्लोअरची मोटर भिजते, एसीचा फिल्टर भिजतो, गालिच्याखालचा फोम पाणी पिऊन बसतो. वरून हात लावला तर गालिचा जरासा दमट लागतो, खाली मात्र स्पंज झालेला असतो. त्याच गालिच्याखालून नि सीटखालून वायरी जातात. सीटबेल्टच्या आणि एअरबॅगच्या वायरींचे जोडही त्यात येतात. डॅशबोर्डावर लाल दिवा लागला आणि कारण सापडत नसलं, तर एकदा गालिचा उचलून बघायला हरकत नाही.

वासावरून कळेल म्हणाल तर आपल्या घरांत तीही सोय नाही. दुसऱ्यांच्या गाडीत कुबट वास आला की ते मेस्त्रीकडे जातात. आपल्या गाडीत वास आला की आपण म्हणतो, मासळीचाच आहे, आणि उदबत्ती लावतो! दोन्ही वासांत फरक आहे. मासळीचा वास गाडी उघडी ठेवून धुतली की कमी होतो. ओल्या गालिच्याचा वास एसी किंवा ब्लोअर लावला की अंगावर येतो, आणि धुतल्यावर वाढतो. दुसरी खूण म्हणजे पहाटे बाजाराला निघताना काच आतून धुरकट होणं, पुसली तरी पुन्हा. चार वाजताच्या अंधारात, पावसात, समोरचं न दिसता हायवेवर गाडी चालवणं हे किती धोक्याचं, ते सांगायला नको.

तपासायचं कसं? एक तांब्या पाणी घ्या. बॉनेट उघडा, हाताने जेवढी पानं निघतात तेवढी आधी काढा, मग जाळीच्या डाव्या टोकाला हळूहळू पाणी ओता आणि कोणाला तरी चाकामागे बघायला बसवा. लगेच धार पडली तर वाट मोकळी. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही, तर बुजलंय. मग तसंच उजव्या बाजूला. पाण्याचा जोराचा फवारा या जाळीत मारू नका. कचरा अजून खोल दाबला जातो आणि पाणी ब्लोअरमध्ये जातं. सर्व्हिसिंगला गाडी दिली तर तिथल्या पोरांनाही हे सांगून ठेवा.

आता दारं. काच खाली-वर होते, म्हणजे काचेच्या बाहेरच्या रबराशी फट आली, आणि फट आली की पाणी आलं. प्रत्येक पावसात दाराच्या पोटात पाणी जातंच. ते तळाला उतरतं आणि दाराच्या खालच्या कडेला असलेल्या दोन-तीन चिरांतून बाहेर पडतं. दार उघडून खाली वाका, कडेवरून बोट फिरवा, नखाएवढ्या चिरा हाताला लागतील. तिथे माती, वाळू असतेच. बीचवर माल भरायला गाडी नेणाऱ्यांच्या दारांत तर वाळू भरलेली सापडते. दार उघडता-मिटताना आत पाणी खळखळलं तर समजा आत तांब्याभर तरी साठलंय. त्यात काचेची मोटर, कुलूप, स्पीकर सगळं भिजतं, आणि दाराची खालची दुमड आतून गंजायला लागते. रंगाला फोड बाहेर दिसतो तेव्हा आतलं काम झालेलं असतं.

या चिरा साफ करायला स्क्रूड्रायव्हर वापरू नका. रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू. त्यापेक्षा अंगणातल्या खराट्याची हीर घ्या. माडाच्या हिरेसारखं हत्यार नाही, लवचिक असते, ताठ असते, रंगाला ओरखडा काढत नाही आणि फुकट मिळते. हीर फिरवा, मग वरून काचेच्या रबराशी थोडं पाणी सोडा, खालून गढूळ पाणी निघेल. निवळ होईपर्यंत सोडत राहा.

रनिंग बोर्डाच्या खालच्या शिवणीलाही अशीच भोकं असतात, तीही हिरेने मोकळी करा. गाडी जॅकवर घेऊन तिच्याखाली मात्र झोपू नका. बाजूने वाकून हात पोचतो तेवढं पुरे, बाकीचं सर्व्हिसिंगला रॅम्पवर गाडी चढेल तेव्हा.

इथे आपल्याकडच्या एका सवयीबद्दल बोलायला हवं. पावसाळ्यापूर्वी गाडीला खालून काळं कोटिंग मारून घेतात. चांगली गोष्ट. पण घाईघाईत मारणारा माणूस भोकं झाकत नाही, फवारा सरसकट मारतो, आणि गंज थांबवायला केलेल्या खर्चानेच पाण्याच्या वाटा बंद होतात. दाराला नवीन रंग मारला की तिथल्या चिराही पुट्टीने नाहीतर रंगाने बुजतात. कोटिंग किंवा रंगकाम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना पैसे द्यायच्या आधी हीर घालून बघा. यात लाजायचं काही नाही.

आणि एक खबरदारी उलट बाजूची. गाडीच्या तळाला, गालिच्याखाली आणि स्टेपनीच्या खड्ड्यात रबराची गोल बुचं बसवलेली असतात. ती पाहून काहींना वाटेल, हीही काढून टाकू, पाणी जाईल. नको! कारखान्यात गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात, तो रंग निथळायला ही भोकं ठेवलेली असतात, आणि नंतर बूच लावून बंद करतात. ती बंदच राहायची. उघडी ठेवली तर साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना पाणी खालून आत येईल. गाडी पुरात सापडली किंवा आत पाणी साचलं तर तेवढ्यापुरती काढा, पाणी सोडा, सुकवा, परत घट्ट बसवा. म्हणजे आपलं होडीचं बूचच. वर असताना काढलेलं, पाण्यात जाताना लावलेलं.

एसीचंही एक भोक आहे. एसी चालू असला की गाडीखाली पाणी टपकतं, ते बिघाड म्हणून काहीजण घाबरतात. ते टपकणं हवंच आहे. आपल्या हवेत ओल एवढी की थोड्या वेळात गाडीखाली ओहोळ दिसला पाहिजे. एसी चालू आहे, दमट दिवस आहे, आणि खाली कोरडं ठणठणीत, तर नळी बुजली असं समजा. ते पाणी मग आत, पुन्हा डाव्या पायाशीच येतं.

पेट्रोल-डिझेलचं झाकण उघडतो तिथल्या खोबणीच्या तळाला एक बारीक भोक असतं, तेही बघा. खोबणीत पाणी साचलेलं असताना टाकीचं झाकण उघडलं तर पाणी थेट इंधनात जायची भीती. डिझेलमध्ये पाणी गेलं की इंजिन काय करतं, ते बोटवाल्यांना शिकवायला नको.

हल्ली घराघरांत सनरूफवाल्या गाड्या आल्यात. पोरांना डोकं बाहेर काढायची हौस. (ते करू नये, पण ऐकतं कोण.) सनरूफच्या चौकटीभोवती पन्हाळ असते आणि साधारण चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. रबर पाणी पूर्ण अडवत नाही, थोडं येऊ देतं आणि नळ्या ते नेतात. नळी बुजली की छताचं कापड पिवळं पडतं, किंवा चालू गाडीत ब्रेक मारला की डोक्यावर पाणी सांडतं. या नळ्यांना मात्र हीर पुरत नाही आणि तार चालत नाही. तार आतून नळी फाडते. कॉम्प्रेसरची हवाही नको, जोराने नळी जोडापासून सुटते आणि मग पाणी कायमचं खांबात.

इथे आपण इतरांपेक्षा पुढे आहोत, कारण आपल्या घरात तंगूस आहे. जाड तंगशीचा दोन-तीन मीटरचा तुकडा घ्या, टोक लायटरने जरा वितळवून गोल करा, म्हणजे ते नळीला टोचणार नाही. सनरूफ उघडून कोपऱ्याच्या भोकातून हलक्या हाताने, फिरवत फिरवत आत सोडा. अडलं तर जोर नको, मागे घ्या, पुन्हा फिरवा. मग चमच्याने थोडं थोडं पाणी सोडून खाली येतं का बघा. गड काय चमचाभर पाण्याने जिंकायचा असं वाटेल, पण बादली ओतलीत आणि नळी बुजलेली असली तर ती बादली तुमच्या सीटवर.

आतापर्यंतचं सगळं कोणत्याही गाडीवाल्याला लागू. आता आपल्यापुरतं.

आपल्या गाडीत पावसाचंच पाणी नसतं, क्रेटचं पाणी असतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ. त्यात वितळलेला बर्फ, मासळीचा चिकट पातळ स्राव आणि खवले. खवला सुकला की पत्र्याला स्टिकरसारखा चिकटतो आणि भोकावर बसला की झाकणच. कोळंबीच्या मिशा त्यात गुंतल्या की विचारू नका. हे पाणी मॅटखालून वाहत दाराच्या उंबऱ्याशी येतं, शिवणीत उतरतं आणि तिथेच राहतं. पाणी सुकलं तरी मीठ राहतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच पत्र्याच्या आत बसलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. गाडी कोरडी दिसते, आतून ती ओलीच असते. म्हणून मासळीच्या गाडीला इतरांपेक्षा लवकर गंज लागतो, आणि म्हणून आपल्याला भोकं साफ असण्याची गरज जास्त.

माल उतरवल्यावर रबराचं मॅट उचला. नुसतं वरून पाणी मारू नका, मॅट बाहेर काढाच. गाडीचं तोंड जरा चढाकडे करून गोड्या पाण्याने, साध्या नळीने, पुढून मागे धुवा. पिकअपच्या हौद्याच्या कोपऱ्यांत आणि फाळक्याच्या सांध्यात खवले अडकतात, ते ब्रशने काढा. समुद्राच्या पाण्याने गाडी धुणारेही आपल्यात आहेत. जेटीवर नळाला पाणी नसतं ही तक्रार खरी, पण मग घरी येऊन धुवा, खाऱ्याने नको.

एक भोक मात्र असं आहे जे रस्त्यावर उघडं असता कामा नये. ते म्हणजे मासळीच्या पेटीचं. आइस बॉक्सची तोटी उघडी ठेवून पिकअप हायवेला लागते आणि मागे पाण्याची रेघ. त्या पाण्यात मासळीची बुळबुळीत तेलकटी असते. पहिल्या वळणावर दुचाकीवाला घसरतो, आणि तो दुचाकीवाला आपल्याच वाड्यातला पोरगा असू शकतो. तोटीला नळी जोडा, नळी हौद्यात बांधलेल्या कॅनमध्ये सोडा, कॅन उतरल्या ठिकाणी रिकामा करा. पावसाच्या पाण्याच्या वाटा उघड्या, मासळीच्या पाण्याची वाट बांधलेली. दोन्ही एकाच गाडीत पाळायचं आहे.

विम्याबद्दल काहींनी विचारलं होतं. झिजणं, गंजणं विम्यात धरत नाहीत, त्यामुळे कुजलेल्या पत्र्याचे पैसे मिळतील ही आशा ठेवू नका. आणि मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं. तिथे कुजका तळ लपत नाही.

कधी करायचं म्हणाल तर पहिल्यांदा आत्ता, मे संपायच्या आत. मग जुलैच्या मध्यावर एखाद्या उघडिपीला. बोटी बंद असतात, हाताला वेळ असतो, आणि तोवर झाडांनी अर्धी पन्हाळ भरलेली असते. तिसऱ्यांदा चवथ झाल्यावर. बंदीत गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर झाडाखालून काढा. काढणं शक्य नसेल तर निदान काउलच्या जाळीवर मच्छरदाणीचा किंवा जुन्या बारीक जाळ्याचा तुकडा अंथरा, पाणी जाईल आणि सुरूच्या सुया वर राहतील. गाडी चालू करायच्या आधी तो काढायला मात्र विसरू नका, वायपरमध्ये गुंतेल.

जाड तंगशीचे कापलेले तुकडे सोसायटीच्या कार्यालयात ठेवलेत. सनरूफवाल्यांनी येऊन घेऊन जावेत. हीर ज्याची त्याने आपल्या खराट्यातून काढावी, बायकोला विचारून.